शरीरातील गाठी : समज, गैरसमज आणि वेळीच तपासणी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह दरवर्षी असतो. या वेळी आम्ही विषय निवडला तो थोडा वेगळा आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो. तरीही शरीरावर येणाऱ्या गाठींविषयी लिहावे असे वाटले, याला कारण आमच्याच घरात घडलेल्या दोन गोष्टी. त्या आधी सांगतो.

रिसोड तालुक्यातील एका खेड्यात आमच्या आत्याबाई राहत. दोन एकर कोरडवाहू शेती आणि उरलेल्या दिवसांत मजुरी. २०१० सालच्या दिवाळीत त्या आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या. आमच्या पत्नीला त्यांनी न्हाणीघराच्या दाराशी हळूच सांगितले की छातीत बोराएवढी गाठ आहे, तूर काढायच्या दिवसांपासून आहे. म्हणजे दहा महिने झाले होते. आम्ही म्हटले, "आत्या, उद्याच डॉक्टरांना दाखवू." त्या म्हणाल्या, "दुखत तं नाई बाबू, मंग कायले दाखवाचं? कापूस येचनं होऊ दे, मंग पाहू." कापूस झाला, मग तूर आली. आम्ही दोनदा फोन केला. नंतर बँकेत मार्चअखेरचे हिशेब सुरू झाले आणि आम्हीही विसरलो. दरम्यान कोणी तरी लेप देणारा भेटला. तो म्हणे गाठ विरघळवतो. जूनमध्ये कातडी फुटली तेव्हा त्यांना नागपूरला नेले. दोनपैकी एक एकर विकले. २०१३ च्या हिवाळ्यात आत्या गेल्या.

दुसरी गोष्ट २०१९ सालची. आमच्या पत्नीला स्वतःच्या छातीत तशीच गाठ लागली. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. परंतु आत्याचा अनुभव पाठीशी होता. दुसऱ्याच दिवशी दाखवले, सोनोग्राफी झाली, सुईने पेशी काढून तपासल्या आणि तिसऱ्या दिवशी अहवाल आला : साधी गाठ, घाबरण्याचे कारण नाही.

एकच ठिकाण, सारखीच गाठ. एकीचा शेवट कसा झाला आणि दुसरीचा कसा, हे आम्ही जवळून पाहिले. फरक नुसत्या दैवाचा म्हणता येणार नाही. आत्याची गाठ वाईट होती हे खरे, परंतु बोराएवढी असताना ती दाखवली असती तर डॉक्टरांच्या हातात बरेच काही होते. आमच्या हातातही होते, ही बोच आजही आहे. म्हणून हा लेख.

गाठ म्हणजे काय?

आपल्या बोलीत गाठींना किती तरी नावे आहेत. डोके आपटले की टेंगूळ, घामाच्या जागी पू धरला की गळू, काखेत तसेच झाले की काखमांजरी, पायाला जखम होऊन जांघेत सूज आली की अवधाण, पाठीवरची मऊ चरबीची गाठ म्हणजे आवाळू, गळ्यापुढची सूज म्हणजे गलगंड, मानेत माळेसारख्या गाठी आल्या की गंडमाळ, गालाजवळ सुजले की गालगुंड, आतडे जांघेत उतरले की अंतर्गळ. आपल्या आज्या-पणज्यांना या सगळ्या गोष्टी सारख्या नाहीत हे माहीत होते. आता आपण सगळ्यांनाच 'गाठ' म्हणतो आणि गाठ म्हटले की कॅन्सर आठवतो. एवढ्याने अर्धा गोंधळ होतो.

जुन्या वैद्यांनीही हा विचार केला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे वेगवेगळे वर्णन आहे. पोटात लागणाऱ्या गोळ्याला आयुर्वेदात 'गुल्म' म्हणतात. गंमत अशी की आपल्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. 'गुल्म' शब्दाचे झाडांची जाळी, सैन्याची तुकडी असेही अर्थ आहेत, त्यामुळे गावाच्या नावाचा पोटाच्या गोळ्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. सांगायचे एवढेच की गाठींची वर्गवारी करण्याची गरज माणसाला फार पूर्वीपासून वाटत आली आहे.

आजच्या भाषेत गाठी साधारण चार प्रकारांनी समजून घेता येतात.

पहिला प्रकार पू किंवा द्रव साठल्याचा. गळू, काखमांजरी, मनगटावर येणारी टणक पाण्याची गाठ, डोक्यावरच्या कातडीखाली होणारी पिशवीसारखी गाठ, या त्यातल्या. पू झालेली गाठ लाल असते, ठणकते, हात लावला तर गरम लागते आणि थोड्या दिवसांत वाढते.

दुसरा प्रकार साध्या वाढीचा. शरीरातील चरबीच्या किंवा इतर पेशी एका जागी जास्त वाढतात, पण आपली हद्द ओलांडत नाहीत. चरबीची गाठ बोटाखाली मऊ लागते आणि इकडेतिकडे सरकते. वर्षानुवर्षे ती तशीच राहू शकते. आमच्या डाव्या हातावर अशी एक गाठ पंधरा वर्षांपासून आहे. पहिल्यांदा ती लागली तेव्हा आम्हांला आठ दिवस झोप नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितले की खात राहा, पीत राहा, वाढली किंवा दुखू लागली तर या. तरुण मुलींच्या छातीत होणाऱ्या बऱ्याच गाठीही अशाच साध्या असतात.

तिसरा प्रकार पहारेकऱ्यांचा. आपल्या शरीरात मान, काख, जांघ, छाती आणि पोट या ठिकाणी मिळून पाचशेहून अधिक लहान लहान लसिकाग्रंथी आहेत. रोगजंतू आत आले की या ग्रंथी त्यांना अडवतात आणि त्या झटापटीत सुजतात. दाढ किडली तर जबड्याखाली, पायात काटा मोडून पिकला तर जांघेत गाठ येते ती यामुळे. मूळ दुखणे बरे झाले की ती बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरते. उतरली नाही तर मात्र पहारेकरी कशाशी झगडतो आहे हे पाहावे लागते. कारण क्षयरोग, लसिकाग्रंथींचाच कॅन्सर किंवा तोंड, घसा, छाती येथून पसरलेला कॅन्सर हेही तेथेच दिसतात.

चौथा प्रकार हद्द सोडलेल्या पेशींचा, म्हणजेच कॅन्सरचा. या पेशी थांबायचे विसरतात, शेजारच्या भागात शिरतात आणि रक्तातून किंवा लसिकेतून दूर जाऊन नवी वस्ती करतात. सुरुवातीला अशी गाठ बहुधा दुखत नाही. नेमकी हीच गोष्ट आपल्या लोकांना फसवते.

दुखत नाही म्हणजे काही नाही?

आपल्याकडे दुखणे म्हणजे जे दुखते ते. मजुरी करणारा माणूस दुखले नाही तर दवाखान्याची पायरी चढत नाही, कारण दवाखान्यात गेले की एका दिवसाची रोजी जाते. हा विचार चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार पगारी माणसाला नाही. परंतु गाठीच्या बाबतीत हा हिशेब उलटा बसतो. दुखणारी, लाल, तापलेली गाठ बहुतेक वेळा पुवाची असते. न दुखणारी, टणक, हळूहळू वाढणारी गाठ तपासून घेणे अधिक गरजेचे असते. यालाही अपवाद आहेत. म्हणूनच नुसत्या दुखण्यावरून कोणतीही गाठ चांगली की वाईट हे घरी ठरवता येत नाही.

बँकेत संध्याकाळी कॅश मोजताना दहा रुपयांचा फरक आला तरी आम्ही उठत नाही. फरक त्याच दिवशी सापडतो, कारण त्या दिवसाच्या पावत्या समोर असतात. 'उद्या पाहू' म्हटले की दुसऱ्या दिवसाच्या पावत्या त्यात मिसळतात आणि दहाचे शंभर कधी होतात ते कळत नाही. बहुतेक वेळा फरक साध्या चुकीचा निघतो, अफरातफरीचा नसतो. पण तो साधा आहे हे शोधल्याशिवाय कळत नाही. गाठीचेही तसेच आहे.

मानेतील गाठी आणि क्षयरोग

क्षयरोग म्हटले की आपल्याला खोकला आणि फुप्फुसे आठवतात. पण आपल्या देशात फुप्फुसाबाहेरचा क्षयही पुष्कळ आहे आणि त्यात मानेतील लसिकाग्रंथींचा क्षय सर्वांत अधिक आढळतो. जुनी गंडमाळ ती बहुधा हीच. गाठी एकमेकींना चिकटतात, कधी मऊ होऊन फुटतात आणि जखम वाहत राहते. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, भूक मरणे ही लक्षणे सोबत असतात किंवा नसतातही.

इंग्लंडात शेकडो वर्षे अशी समजूत होती की राजाने हात लावला की हा रोग बरा होतो. पुढे ज्यांनी इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश रचला त्या सॅम्युएल जॉन्सन यांना लहानपणी १७१२ साली याच कारणासाठी राणी अ‍ॅनकडे नेले होते. राणीने स्पर्श केला, गाठी गेल्या नाहीत. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा स्पर्शाची गोष्ट कायमची संपायला हवी होती. आपल्याकडे दोरे, गंडे आणि फुंकर यांच्या रूपाने ती अजून थोडी शिल्लक आहे.

आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी बारावीत असताना तिच्या मानेत अशा गाठी आल्या. घरच्यांनी कोणाला कळू दिले नाही, कारण पुढे मुलीच्या लग्नाला अडचण येईल. तपासणीत क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिने मोफत औषधे मिळाली, ती तिने एकही दिवस न चुकवता घेतली आणि गाठी गेल्या. आज ती नोकरी करते. वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फुप्फुसात क्षय नसेल तर नुसत्या मानेतील गाठींमुळे तो सहसा दुसऱ्याला लागत नाही, म्हणून ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच सोडू नये, कारण मग जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. उपचार चालू असताना आहारासाठी सरकारकडून निक्षय पोषण योजनेत पैसे मिळतात. २०१८ साली ही रक्कम महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते, म्हणून खाते चालू ठेवावे, हे सांगणे आमच्या धंद्याला धरूनच आहे.

गळ्यापुढची गाठ आणि कानाच्या पाळीवरची गाठ

गळ्याच्या पुढच्या भागात, आवंढा गिळला की वरखाली होणारी गाठ थायरॉईड ग्रंथीची असते. आहारात आयोडीन कमी पडले की ही ग्रंथी वाढते आणि गलगंड होतो. भारत सरकारने १९६२ साली यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि मिठात आयोडीन मिसळण्याचा सोपा उपाय त्यातून घरोघर पोचला. थायरॉईडच्या बहुतेक गाठी साध्या असतात, तरी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. गाठीसोबत आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुधारला नाही, किंवा गिळताना अडू लागले, तर विलंब करू नये.

कुष्ठरोगाच्या एका प्रकारात कानाच्या पाळ्या जाड होतात आणि चेहऱ्यावर, अंगावर बारीक गाठी येतात. या गाठीही दुखत नाहीत. सोबत अंगावर बधिर चट्टा असू शकतो. एके काळी या रोग्यांना गावाबाहेर काढत. अशा टाकलेल्या माणसांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आपल्या अमरावतीला तपोवन उभे केले. आज परिस्थिती बदलली आहे. एकत्रित औषधांनी कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो, औषध मोफत मिळते, आणि लवकर घेतले तर बोटे वाकण्याची वेळ येत नाही. औषध सुरू झाले की थोड्याच अवधीत रोगाचा संसर्गही थांबतो.

तंबाखू आणि जबड्याखालची गाठ

आमच्या काउंटरवर पैसे काढायला येणाऱ्या दहा पुरुषांपैकी काही जणांच्या गालात नेहमीच काही तरी असते. तंबाखू-चुना, खर्रा, गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, ती किती पाळली जाते हे आपण सारे जाणतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, तिखट न सोसणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, ही पहिली लक्षणे आहेत. जबड्याखाली किंवा मानेत टणक गाठ त्यानंतर येते. म्हणजे गाठ येईपर्यंत थांबलो तर दुखणे एक मुक्काम पुढे गेलेले असते. स्त्रियाही मिश्री आणि तंबाखू वापरतात. त्यांना कोणी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत.

मुंबई आणि बार्शी काय सांगतात?

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली एक मोठा अभ्यास सुरू केला. हे रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया या अभ्यासात होत्या. त्यांचे दोन भाग केले. एका भागातील स्त्रियांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासली गेली, अशा चार फेऱ्या झाल्या. ही तपासणी मोठ्या डॉक्टरांनी केली नव्हती, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. यंत्र नाही, फिल्म नाही, फक्त शिकलेला हात. दुसऱ्या भागातील स्त्रियांना माहिती दिली गेली, पण ही तपासणी नव्हती.

डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केला. छातीचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण तपासणी न झालेल्या भागात ४७ टक्के होते, तपासणी झालेल्या भागात ते ३७ टक्क्यांवर आले. पन्नास आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्या आत्या त्या वेळी बावन्न वर्षांच्या होत्या.

कोणी म्हणेल, मुंबईची गोष्ट वेगळी, आपण खेड्यातले. म्हणून बार्शीचे उदाहरण देतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील गावांत कार्यकर्ते जात, लोकांना एकत्र बसवून कॅन्सरची सुरुवातीची लक्षणे समजावून सांगत आणि लक्षणे असलेल्यांना दवाखान्यात येण्यासाठी मनवत. नोंद करायला गेलेली माणसे अशी शिक्षकही झाली. पुढे त्या भागात गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले. तेथील जमीनही आपल्यासारखीच कोरडवाहू आणि माणसेही आपल्यासारखीच कष्टकरी. बदल झाला तो कोणी तरी ओट्यावर बसून बोलले म्हणून.

काही गैरसमज

"सुई टोचली की गाठ पसरते." हा सर्वांत घातक गैरसमज. साध्या बारीक सुईने पेशी काढून तपासणे ही नेहमीची पद्धत आहे, तिने कॅन्सर पसरल्यामुळे माणसे दगावतात हे खरे नाही. कोणत्या गाठीला सुई लावायची आणि कोणती सरळ काढायची हे डॉक्टर ठरवतात. ही समजूत पसरण्याचे कारण असे की आपली माणसे फार उशिरा जातात. सुई लागते तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो आणि दोष सुईवर येतो.

"लेपाने गाठ विरघळते." पुवाची गाठ शेकाने फुटते, लसिकाग्रंथीची सूज आपोआप उतरते, आणि श्रेय लेपाला मिळते. जी गाठ खरोखर वाईट आहे तिच्यावर लेपाने कातडी जळते आणि महिने वाया जातात. आत्याचे तेच झाले.

"बोटाने गाठ काढतो." असे सांगणारे बाबा अजून फिरतात. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्य वेचले. बोटाने शस्त्रक्रिया करण्याचा दावा हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

"गाठ म्हणजे मरण." हाही गैरसमजच. बहुतेक गाठी साध्या असतात. आणि कॅन्सरची गाठसुद्धा लहान असताना सापडली तर अनेक जण बरे होऊन पुढची पंचवीस-तीस वर्षे जगतात.

केव्हा जावे?

सोयीसाठी आम्ही डॉक्टरांना विचारून पुढील नोंद केली आहे. कापून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली तरी चालेल.

१) कोणतीही नवी गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही तर दाखवावी. छातीतील गाठीसाठी वाट पाहू नये, त्याच आठवड्यात दाखवावे. पुरुषांच्या छातीतही कॅन्सर होतो.

२) टणक, न सरकणारी, वाढत जाणारी गाठ, गळपट्टीच्या हाडावरची गाठ, छातीची कातडी आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, गाठीसोबत ताप, घाम, वजन घटणे, यांत विलंब नको.

३) लहान मुलाला आंघोळ घालताना पोटात गोळा लागला तर पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये, लगेच न्यावे.

४) पुरुषांच्या अंडकोशात न दुखणारी टणक गाठ लागली तर लाज न धरता दाखवावे. तेथे अचानक असह्य कळ आली तर काही तासांचाच प्रश्न असतो, त्याच वेळी निघावे.

५) अंतर्गळ एरवी निजले की आत जातो. तो आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे.

६) मधुमेही माणसाने गळवाकडे दुर्लक्ष करू नये आणि कोणीही पुवाची गाठ घरी ब्लेडने फोडू नये.

कोठे जावे?

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला तेव्हा मोठ्या आजारासाठी अकोला-नागपूर गाठण्यावाचून मार्ग नव्हता. आता २०२४ पासून वाशीमलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पण पहिली पायरी गावातच आहे. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब आणि साखर, तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत व्हावी असा सरकारी कार्यक्रम आहे. गावच्या आशाताईंना विचारले की दिवस कळतो. शस्त्रक्रिया आणि कॅन्सरच्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. रेशनकार्ड आणि आधार यांवरील नावे जुळत नसतील तर ती आजच दुरुस्त करून घ्यावीत. रुग्ण दवाखान्यात असताना ही धावपळ फार महागात पडते, हे आम्ही काउंटरवर रोज पाहतो.

विद्यार्थ्यांना आणि मंडळाला विनंती

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरात तुम्ही पहिले वाचणारे आहात. आई, मावशी, आजी या तुमच्यासमोर दुखणे काढणार नाहीत. मुलींनी त्यांना एकांतात विचारावे. मुलांनी बापाला आणि काकाला तोंड उघडून दाखवायला सांगावे. रागावले तर रागावू द्या.

मंडळालाही एक सुचवतो. वर्षावासात तीन महिने विहारात आयाबाया रोज जमतात. त्यातील एक दुपार परिचारिका आणि आशाताईंना बोलवावे, आडोशाची खोली द्यावी आणि ज्यांची इच्छा असेल त्यांची तपासणी व्हावी. खर्च चहापाण्याचा. कोणाचे काही निघाले तर तिच्यासोबत दवाखान्यात जायला दोन कार्यकर्त्या आधीच ठरवून ठेवाव्यात, कारण आपली माणसे पैशापेक्षा एकटेपणामुळे अधिक मागे राहतात.

आत्याला आम्ही दोनदा फोन केला होता. तिसऱ्या वेळी फोन न करता गाडीने रिसोडला जायला हवे होते. तो दिवस आमच्या खाती आजही बाकी आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी 'पाहू मंग' म्हणणारी आत्या असेल, तर त्यांनी ही स्मरणिका मिटावी आणि आधी तिच्याकडे जावे.